कांदाचाळीतला लॉगर: एका नोंदीला तीन बाइट

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला की बाजार बघत बघत ऑक्टोबरपर्यंत निघत राहतो. या पाच महिन्यांत हवा साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के राहिली तर माल टिकतो. आर्द्रता चढली की काजळी आणि सड, फार उतरली की वजनात घट. चाळीत नेमकं काय चाललंय हे कळायचं तर दर दहा मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता नोंदवून ठेवावी लागते. हे काम लॉगर, म्हणजे आपोआप नोंदी ठेवणारं छोटं यंत्र, करतं. मोजणं सोपं आहे, सेन्सर बाजारात मिळतो. अडतं ते साठवणुकीपाशी.

हिशेब असा. दिवसाच्या १४४ नोंदी, १५० दिवसांच्या २१,६००. प्रत्येक नोंद तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता अशी मजकुराच्या एका ओळीत लिहिली तर ओळीला ३१ बाइट जातात आणि हंगामाचे ६,६९,६०० बाइट होतात. आमच्या बोर्डावर नॉर्डिकची एनआरएफ५२८३२ ही चिप आहे. तिची सगळी फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) मिळून ५१२ किलोबाइट, म्हणजे ५,२४,२८८ बाइट. त्यातही ब्लूटूथ आणि एस्प्रुइनो स्वतः मोठा वाटा घेतात. रॅम फक्त ६४ किलोबाइट. एस्प्रुइनो म्हणजे गॉर्डन विल्यम्स यांनी २०१३ मध्ये लोकवर्गणीतून पुढे आणलेला, मायक्रोकंट्रोलरवर थेट जावास्क्रिप्ट चालवणारा इंटरप्रिटर. तो वापरायला हलका असला तरी साध्या अ‍ॅरेच्या (आकड्यांच्या यादीच्या) बाबतीत खर्चिक आहे: अ‍ॅरेच्या दर घटकाला १२ ते १६ बाइटांचा एक ठोकळा लागतो, कधी दोन. एका दिवसाचे २८८ आकडे साध्या अ‍ॅरेत ठेवले तर साडेतीन हजार बाइट गेलेच समजा. टाइप्ड अ‍ॅरेत, म्हणजे सगळे कप्पे ठरलेल्या एकाच रुंदीचे असलेल्या अ‍ॅरेत, तेच काम ४३२ बाइटांत होतं.

पण टाइप्ड अ‍ॅरे वापरायचा एवढं ठरवून भागत नाही. कोणता, हा खरा प्रश्न. बहुतेक जण इथे फ्लोट३२अ‍ॅरे (दशांश आकड्यांचे चार-चार बाइटांचे कप्पे) घेऊन मोकळे होतात, कारण आकडे दशांशात दिसतात. आमच्या मते कप्पा किती रुंद हवा हे भाषेने नाही, सेन्सरने ठरवायचं असतं.

सेन्सर आहे सेन्सिरियनचा एसएचटी३१. त्याला आय-टू-सी (चिपांना जोडणारी दोन तारांची बस) वर हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) ४४ या पत्त्यावर हेक्स २४ आणि ०० असे दोन बाइट पाठवले की तो एक मोजमाप घेतो. मोजमापाला १५ मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो, म्हणून २० मिलिसेकंद थांबून सहा बाइट वाचायचे: तापमानाचे दोन आणि त्यांची सीआरसी (बाइट वाटेत बिघडले का हे तपासायचा बाइट), आर्द्रतेचे दोन आणि त्यांची सीआरसी. दोन बाइट जोडून ० ते ६५५३५ मधला एक कच्चा आकडा मिळतो. तापमान म्हणजे तो आकडा गुणिले १७५ भागिले ६५५३५, त्यातून ४५ वजा. आर्द्रता म्हणजे तिचा कच्चा आकडा गुणिले १०० भागिले ६५५३५.

म्हणजे दशांश आकडा हा सेन्सरचा नाहीच, तो सूत्राचा आहे. सेन्सर १६ बिटांची पूर्ण संख्या देतो. ती जशीच्या तशी यूइंट१६अ‍ॅरेमध्ये (१६ बिटांचे, उणे नसलेल्या पूर्णांकांचे कप्पे) ठेवली की तापमानाला दोन बाइट लागतात, काहीही गळत नाही आणि बोर्डावर दशांशाचं गणितच करावं लागत नाही. सूत्र लावायचं काम नंतर फोनवर किंवा लॅपटॉपवर करता येतं. शिवाय एक फायदा आयता मिळतो. ६५५३५ या आकड्याचा अर्थ १३० अंश होतो, आणि सेन्सरची मर्यादाच १२५ ची आहे. तेव्हा तो आकडा ‘नोंद नाही’ या अर्थाने बिनधास्त वापरता येतो.

आर्द्रतेला मात्र १६ बिट देणं उधळपट्टी आहे. सेन्सरची अचूकताच अधिक-उणे २ टक्के. अर्ध्या टक्क्याची पायरी धरली तर ० ते १०० टक्के म्हणजे ० ते २००, आणि ते एका बाइटात मावतं. इथे एक मोह होतो: कच्चा आकडा आठ बिट उजवीकडे सरकवला की झालं, गुणाकारसुद्धा नको. तसं करू नये. सरकवल्यावर ९९.६ टक्क्यांच्या वरची आर्द्रता २५५ होते, आणि २५५ आपण ‘नोंद नाही’ साठी राखून ठेवलाय. जुलैच्या झडीत पहाटे चाळ घामेजलेली असते, नेमक्या त्याच वेळच्या नोंदी गायब झाल्यासारख्या दिसतील. म्हणून कच्चा आकडा गुणिले २०० भागिले ६५५३५ करून राउंड करायचं; २०१ ते २५४ हे आकडे कधीच येत नाहीत, २५५ मोकळा राहतो.

तापमानही एका बाइटात बसवता येईल का? येईल. पाव अंशाची पायरी घेतली तर ० ते ६३.५ अंश बसतात. पण सेन्सर अधिक-उणे ०.२ अंशाचा आहे, आणि चाळीत रोजचा चढ-उतार बघताना छोटे फरकच उपयोगी पडतात. एक बाइट वाचवून ते घालवणं आम्हाला पटलं नाही. लागोपाठच्या नोंदींमधला फक्त फरक इंट८अ‍ॅरेत (एका बाइटाचे, उणे १२८ ते १२७ मावणारे कप्पे) ठेवायची युक्तीही अशीच. कच्च्या आकड्यातला १२७ चा फरक म्हणजे ०.३४ अंश. पत्र्यावर ऊन आलं की दहा मिनिटांत त्याहून जास्त फरक पडतो, आकडा गुमान उलटा फिरतो आणि तिथून पुढची दिवसभराची प्रत्येक नोंद चुकते. तीन बाइटांवर थांबलेलं बरं.

वेळ साठवायचीच नाही. दिवसाच्या डोक्यावर एकदा सुरुवातीची वेळ लिहिली आणि अंतर ६०० सेकंद ठरलेलं असलं की कप्प्याचा क्रमांक हीच वेळ. अट एकच: क्रमांक दर वाचनाला एकाने वाढवायचा नाही, तो घड्याळावरून काढायचा. आत्ताची वेळ वजा दिवसाची सुरुवात, भागिले ६००, खालचा पूर्णांक. एखादं वाचन हुकलं तर तो कप्पा रिकामा राहतो, पण पुढचे सगळे आपापल्या जागी बसतात. क्रमांक वाढवत नेला तर एक हुकलेलं वाचन उरलेला दिवस दहा मिनिटांनी मागे ओढतं आणि आलेखात ते ओळखू येत नाही.

दिवसाची सुरुवात काढताना सेकंदांना ८६,४०० ने भागून पूर्णांक घेतला तर दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो, कारण ती मोजणी ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासूनची आहे. आधी १९,८०० मिळवायचे, भागून पूर्णांक घ्यायचा, तोच दिवस-क्रमांक म्हणून फाइलच्या नावाला वापरायचा; मग पुन्हा ८६,४०० ने गुणून १९,८०० वजा करायचे. १४ मे २०२५ चा दिवस-क्रमांक या हिशेबाने २०२२२ येतो. वेळ साठवायला यूइंट३२ घ्यायचा, तो २१०६ पर्यंत पुरतो. इंट३२ हा २०३८ ला संपतो. फ्लोट३२ मध्ये वेळ ठेवणाऱ्यांना मात्र गंमत बघायला मिळते: आजच्या सेकंदांच्या आकड्याला त्याची पायरी १२८ सेकंदांची आहे, त्यामुळे दोन मिनिटांच्या आतल्या सगळ्या नोंदींची वेळ एकच दिसते.

आता मांडणी. दिवसाला ४४८ बाइटांचा एकच अ‍ॅरेबफर, म्हणजे बाइटांचा कोरा पट्टा; त्याच्याकडे बघणारा टाइप्ड अ‍ॅरे ही त्याची खिडकी. पहिले १६ बाइट मथळ्याचे: ० पासून चार बाइट सुरुवातीची वेळ, ४ पासून दोन बाइट अंतर, ६ पासून दोन बाइट कप्प्यांची संख्या, ८ वर मांडणीची आवृत्ती, ९ वर सेन्सरचा सांकेतिक आकडा, १० वर चाळीचा क्रमांक, बाकी मोकळे. सेन्सरचा आकडा अनावश्यक वाटतो, पण आपण कच्चे आकडे ठेवतोय. पुढच्या वर्षी सेन्सर बदलला आणि सूत्र कोणतं लावायचं हे फाइलीत नसलं तर ती फाइल निरुपयोगी. १६ पासून १४४ तापमानांचा यूइंट१६अ‍ॅरे, म्हणजे २८८ बाइट. ३०४ पासून १४४ आर्द्रतांचा यूइंट८अ‍ॅरे. तिन्ही खिडक्या एकाच बफरवर उघडतात, काहीही कॉपी होत नाही.

तापमान-आर्द्रता अशी जोडी तीन-तीन बाइटांत एकाआड एक लावायची असेल तर विचार सोडून द्या. यूइंट१६अ‍ॅरे सम क्रमांकाच्या बाइटापासूनच सुरू होऊ शकतो, नाहीतर रेंजएरर येते. मथळा १६ चा आहे तोही म्हणूनच, १५ चा चालला नसता. रुंद कप्पे आधी, अरुंद नंतर, हा क्रम पाळला की हा प्रश्न येतच नाही.

बफर तयार झाल्या झाल्या सगळ्यावर यूइंट८अ‍ॅरेची खिडकी उघडून २५५ भरायचं. नवा टाइप्ड अ‍ॅरे शून्यांनी भरलेला असतो, आणि शून्य हा खरा आकडा असू शकतो. २५५ भरलं की आर्द्रतेचे कप्पे २५५ आणि तापमानाचे आपोआप ६५५३५ होतात. दोन्ही ‘नोंद नाही’च्या खुणा एका ओळीत लागतात. हा बफर बोर्ड सुरू होतानाच एकदा घ्यायचा आणि दररोज तोच पुसून वापरायचा. एस्प्रुइनोला सलग जागा मिळाली तर तो बफर सलग ठेवतो. मेमरी विखुरल्यावर मागितला तर तुकड्यातुकड्यांत जातो आणि वाचन संथ होतं.

वाचनाच्या वेळी दोन गोष्टी सांभाळायच्या. सेन्सर मोठा बाइट आधी पाठवतो, तर एनआरएफ५२ ची मेमरी लहान बाइट आधी ठेवते. म्हणून सेन्सरचे बाइट थेट बफरमध्ये उतरवायचे नाहीत. पहिला आठ बिट डावीकडे सरकवून त्यात दुसरा मिळवायचा आणि तयार आकडा यूइंट१६अ‍ॅरेच्या कप्प्यात ठेवायचा. उदाहरणार्थ सेन्सरने ११५ आणि २४५ पाठवले. आकडा २९६८५, तापमान ३४.२७ अंश. तेच उलटे जोडले गेले तर ६२८३५, म्हणजे १२२.७९ अंश. आलेख पिंजलेल्या कापसासारखा दिसायला लागला की आधी इथेच बघायचं.

दुसरी गोष्ट सीआरसी. बहुपद हेक्स ३१, सुरुवात एफएफ. आपलं फंक्शन तपासायला बीई आणि ईएफ हे दोन बाइट द्यायचे, उत्तर हेक्स ९२ आलं पाहिजे. जावास्क्रिप्टमध्ये डावीकडे सरकवताना संख्या ३२ बिटांची असते, आठ बिटांवर ती आपोआप कापली जात नाही. दर फेरीला २५५ शी अँड करायचं विसरलं की उत्तर कधीच जुळत नाही. सीआरसी चुकली तर कप्पा आहे तसा रिकामा सोडायचा, जुना आकडा परत लिहायचा नाही. कांद्याच्या ढिगात सेन्सर खोचायचा म्हणून तार लांबवली की सीआरसीच्या चुका वाढतात. आय-टू-सी लांब तारेसाठी बनलेलंच नाही. तार आखूड ठेवून बोर्डच ढिगाजवळ न्यावा. ते जमत नसेल तर बसचा वेग उतरवून पुल-अप रेझिस्टर १० किलोओहमऐवजी ४.७ किलोओहमचे लावून बघावेत.

घड्याळ चुकलं तर काय होतं तेही माहीत असावं. बॅटरी काढून घातली की बोर्डाला वेळ आठवत नाही, कप्प्याचा क्रमांक उणे किंवा १४३ च्या पुढे येतो. टाइप्ड अ‍ॅरेत हद्दीबाहेरच्या कप्प्यात लिहिलं तर जावास्क्रिप्ट तक्रार करत नाही, आकडा टाकून देतं. दिवसभर दिवा लुकलुकतो, वाचन होतं, आणि फाइल कोरी. क्रमांक ० ते १४३ मध्ये आहे का हे लिहिण्याआधी तपासून, नसल्यास दिव्याचा रंग बदलायचा.

फ्लॅशमध्ये लिहिताना २५५ ची खरी किंमत कळते. पुसलेल्या फ्लॅशचा प्रत्येक बिट १ असतो आणि लिहिणं म्हणजे काही बिट ० करणं. ० चा पुन्हा १ करायला अख्खं ४०९६ बाइटांचं पान पुसावं लागतं, आणि या चिपचं पान साधारण १०,००० वेळाच पुसता येतं. आपले रिकामे कप्पे सगळे एफएफच आहेत, म्हणजे कोऱ्या फ्लॅशशी तंतोतंत जुळणारे. एस्प्रुइनोच्या स्टोरेजमध्ये फाइलचं एकूण माप आधीच सांगून नंतर ठरावीक जागेपासून तुकडा लिहिता येतो. मध्यरात्री ४४८ मापाची फाइल उघडून फक्त मथळा लिहायचा. मग दर तासाला तापमानाचे १२ बाइट १६ अधिक तास गुणिले १२ या जागी, आणि आर्द्रतेचे ६ बाइट ३०४ अधिक तास गुणिले ६ या जागी. एकही पान पुसलं जात नाही, आणि बॅटरी अचानक गेली तर जास्तीत जास्त तासाभराच्या नोंदी जातात. स्टोरेजला देताना तुकडा नेहमी यूइंट८अ‍ॅरेच्या खिडकीतून द्यायचा, म्हणजे बाइट जसेच्या तसे उतरतात. एकदा लिहिलेला कप्पा पुन्हा दुरुस्त करायला जायचं नाही.

१५० दिवसांचे ६७,२०० बाइट होतात. बोर्डावर स्टोरेजला किती जागा आहे ती बोर्डागणिक वेगळी असते, आधी विचारून घ्या. कमी पडली तर महिन्यातून एकदा फोनवर उतरवून जुन्या फाइली काढायच्या. उतरवताना जेसनच्या (डेटा मजकुरात लिहायच्या पद्धतीच्या) वाटेला जाऊ नका. टाइप्ड अ‍ॅरेचं जेसन केलं तर प्रत्येक आकडा अक्षरांत लिहिला जातो (एस्प्रुइनोबाहेरच्या जावास्क्रिप्टमध्ये तर आकड्यापुढे त्याचा क्रमांकही), आणि वाचवलेले बाइट परत खर्च होतात. बेस६४ (दर तीन बाइटांची चार अक्षरं) केलं की ४४८ बाइटांची ६०० अक्षरं होतात, तेवढं ब्लूटूथवर चालतं. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये वेब ब्लूटूथ आहे. आयफोनच्या सफारीत नाही.

लॅपटॉपवर नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ही फाइल उघडताना एक जागा अशी आहे की चूक दिसतच नाही. बेस६४ वरून बनवलेला छोटा बफर नोड स्वतंत्र जागेत ठेवत नाही, ८१९२ बाइटांच्या सामायिक साठ्यातला तुकडा देतो. त्याच्या आतल्या अ‍ॅरेबफरवर १६ पासून खिडकी उघडली की भलत्याच कोणाचे तरी बाइट तापमान म्हणून वाचले जातात. एरर नाही, आकडेही कधीकधी पटण्यासारखे. बफरची स्वतःची सुरुवात १६ मध्ये मिळवायला हवी. त्याहून सरळ म्हणजे बफर आधी नव्या यूइंट८अ‍ॅरेत कॉपी करायचा, तो ० पासून सुरू होतो, आणि मग खिडक्या उघडायच्या. कॉपी करताना चुकून यूइंट१६अ‍ॅरे घेतला तर दर बाइटाचा एक वेगळा आकडा होतो आणि ४४८ तापमानं मिळतात.

मथळा डेटाव्ह्यूने (बफरमधल्या हव्या त्या जागेवरून एकेक आकडा वाचणाऱ्या जावास्क्रिप्टच्या साधनाने) वाचायचा तर ‘लहान बाइट आधी’ हे दर वेळी सांगावं लागतं, कारण त्याचा मूळ क्रम उलटा आहे. अंतर ६०० ऐवजी २२५३० आलं तर तेच विसरलंय. टाइप्ड अ‍ॅरे मात्र यंत्राच्या क्रमाने चालतात, आणि हा बोर्ड, फोन, लॅपटॉप तिघांचाही क्रम एकच.

सूत्र लावताना मॅप (दर कप्प्याला सूत्र लावून नवा अ‍ॅरे देणारं फंक्शन) वापरायचा नाही. यूइंट१६अ‍ॅरेचा मॅप यूइंट१६अ‍ॅरेच परत देतो, ३४.२७ चे ३४ होतात. फ्लोट३२अ‍ॅरेच्या फ्रॉमला कच्चा अ‍ॅरे आणि सूत्र द्यायचं, आणि ६५५३५ दिसला तर नॅन (‘आकडाच नाही’ अशी खूण). फ्लोट३२ मध्ये नॅन नॅनच राहतो, आलेखात तिथे रेषा तुटते. पूर्णांकांच्या अ‍ॅरेत तो शून्य होऊन बसतो. सरासरी काढण्याआधी रिकामे कप्पे गाळायलाच हवेत. दिवसभर ३४.२७ असताना एकच ६५५३५ हिशेबात आला तर दिवसाची सरासरी ०.६६ अंशाने वर सरकते, म्हणजे सेन्सरच्या चुकीच्या तिप्पट.

सेन्सरची लायब्ररी कच्चा आकडा न देता थेट दशांश देत असेल तर १०० ने गुणून इंट१६अ‍ॅरेत ठेवावं, पण राउंड केल्याशिवाय नाही. १९.९९ गुणिले १०० हे जावास्क्रिप्टमध्ये १९९८.९९९… येतं आणि टाइप्ड अ‍ॅरे दशांश भाग छाटून टाकतो, राहतात १९९८. अशा अ‍ॅरेत रिकाम्या कप्प्याची खूण उणे ३२७६८ ठेवायची. सगळे बिट १ असलेला इंट१६ म्हणजे उणे १, म्हणजेच उणे ०.०१ अंश; महाराष्ट्रातल्या चाळीत तो येणार नाही, पण शीतगृहात हाच कोड नेला तर येईल.

खरं सांगायचं तर लॅपटॉपवर २१,६०० नोंदींसाठी मेमरीची फिकीर करायचं कारण नाही. साधी ऑब्जेक्टं ठेवली तरी एक-दोन मेगाबाइटांत काम होतं. तिथे टाइप्ड अ‍ॅरे ठेवायचा तो फाइल आणि मेमरी यांचं रूप एकच राहतं म्हणून.

हंगाम संपला की फाइली एकेक नावाने काढायच्या. सगळं स्टोरेज एका फटक्यात पुसणारी आज्ञा लॉगरचा स्वतःचा कोडही घेऊन जाऊ शकते. काढलेल्या फाइलीची जागा लगेच मोकळी होत नाही, तिच्यावर फक्त खूण पडते. जागा परत मिळवायला कॉम्पॅक्ट चालवावं लागतं. त्यात पानं पुसून पुन्हा लिहिली जातात, मध्येच वीज गेली तर राहिलेल्या फाइलीही जातात. म्हणून आधी नवी बॅटरी, मग कॉम्पॅक्ट.